शाळेचे संमेलन की पाहुण्यांचा दरबार?

पौष-माघाच्या सुमारास खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांत वार्षिक स्नेहसंमेलनाची धांदल उडते. मंडप पडतो, कर्णे लागतात, वेशीपासून शाळेपर्यंत पुढाऱ्यांच्या तसबिरींचे फलक झळकतात, आणि मास्तर व समितीचे दोघे-चौघे वर्गणीसाठी दारोदार हिंडू लागतात. वाचकहो, ह्या कामी शंभर-दोनशे रुपये दिले नाहीत असे घर तुमच्या आळीत क्वचितच असेल. ते पैसे कोठे जातात, हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारणे म्हणजे शाळेच्या वाईटावर असणे, अशी आपण समजूत करून घेतली आहे. ही समजूत खोटी आहे. आणि ती खोटी आहे असे सांगणे आम्हास भाग आहे, कारण इतकी वर्षे पावतीपुस्तक आमच्याच पिशवीत होते.

मागल्या खेपेचा हिशेब येथे उघड मांडतो. गावातून जमले २६,४०० रुपये. पैकी मंडप व कर्ण्यांस गेले १४,०००. फेटे, शाली, नारळ व स्मृतिचिन्हे ह्यांस ६,५००. पाहुण्यांच्या जेवणास ३,८००. फलकांस १,५००. शिल्लक राहिले ६०० रुपये. शाळेतील मुलींच्या मोरीची टाकी दोन वर्षांपासून गळते आहे. मुली हापशावरून बादल्या वाहतात. तिच्या दुरुस्तीस कारागिराने २,२०० रुपये सांगितले होते. तेवढे शिल्लक नव्हते म्हणून टाकी आजही गळतेच आहे. ज्यांच्या डोक्यावर फेटे बांधले, त्यांच्यापैकी एकाच्याही घरची पोर ह्या शाळेत शिकत नाही. त्यांची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गाडीने जातात. आयजीच्या जिवावर बायजी उदार ती ही अशी!

पोशाखाचे भाडे तर ह्या हिशेबात धरलेच नाही. ते आईबापांनी निराळे भरले. एका लोहाराच्या दोन पोरी नाचात होत्या. दोन घागऱ्यांचे भाडे सहाशे रुपये झाले. बाप काही बोलला नाही. संमेलनाच्या दिवशी सकाळी निरोप आला की दोघींना ताप आहे. दोघींना एकाच दिवशी ताप कसा आला, हे आम्ही विचारले नाही. आम्हास ते ठाऊक होते. एका चकचकीत सिनेमातल्या गाण्यावर बाकीच्या सहाजणी नाचल्या, पाहुण्यांनी नोटा ओवाळून बक्षिसे दिली, आणि ती वाटताना त्या दोघींचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही.

पण ह्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे.

आमचा मुलूख बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला, कोरडवाहू. दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊस तोडण्यासाठी पश्चिमेच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघतात. नवराबायकोच्या जोडीस त्या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव राहिले! बरोबर पोरेही जातात. घरी म्हातारा-म्हातारी धड असली किंवा हंगामी वसतिगृह नीट चालले, तर काही मागे राहतात. बाकीची पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले, की फाल्गुन-चैत्रात ही माणसे परत येतात. आता आमची संमेलने भरतात केव्हा? जानेवारी-फेब्रुवारीत! म्हणजे गावातली सर्वांत गरीब पोरे ज्या महिन्यांत गावात नसतात, नेमके तेच महिने आम्ही गावाच्या मेळ्यासाठी काढले आहेत. कारण काय? तालुक्याहून येणाऱ्या पाहुण्यांस पुढे ऊन बाधते म्हणून!

संमेलनाचा मोठा फोटो आम्ही चौकटीत घालून तिसरी-चौथीच्या खोलीत टांगला होता. चैत्रात एक पोर परत आली. हातावर पाचटाचे चरे, पाठीवर तेच दप्तर. दुपारच्या सुटीत ती त्या फोटोपुढे उभी राहून बोटाने एकेक तोंड मोजत होती. आम्हास पाहून म्हणाली, “गुरुजी, ह्यात मी कुठाय?” त्या दोन वर्गांच्या पटावर ३१ नावे होती, फोटोत १९ पोरे होती. आम्ही तिला काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही, लिहिण्यासारखे नव्हते.

१८८२ साली हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन केले, त्यात त्यांची मुख्य तक्रार हीच होती की रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो व रयतेच्या पोरांच्या हाती काही लागत नाही. नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची लाज न वाटणारा मास्तर खेड्यास पाहिजे, असेही त्यांनी त्यात सांगितले. त्या काळी रयतेचा पैसा खाणारा परका दिसत होता व त्याजवर बोट ठेवणे सोपे होते. आज मंडपातल्या खुर्च्यांवर आपलेच भाऊबंद, आपलेच सोयरे बसले आहेत. म्हणून आपली जीभ रेटत नाही. परंतु फेटा परक्याच्या डोक्यास असला काय आणि सोयऱ्याच्या डोक्यास असला काय, टाकी गळते ती गळतेच!

वर्गणीसच आमचा विरोध आहे, असा उलटा अर्थ कोणी काढू नये. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे त्यांच्या वसतिगृहांतील पोरांसाठी गावोगावच्या बायांनी मूठमूठ धान्य बाजूस काढून दिले. ते धान्य पोरांच्या पोटात गेले. आमच्या वर्गणीने एका रात्रीचा मंडप उभा राहिला, हा त्यातला भेद.

कोणी म्हणतील, “मास्तर, तुम्हास पोरांचा आनंद बघवत नाही.” पोरांनी नाचावे, जरूर नाचावे! परंतु लेझीम, हलगी, फुगडी ह्यांस भाड्याचा घागरा लागतो काय? जात्यावरच्या ओव्या अजून ज्यांच्या तोंडी आहेत अशा म्हाताऱ्या प्रत्येक आळीत दोन-तीन निघतील. त्यांना पुढे बसवावे. सत्यशोधकांनी तमाशाचा फड घेऊन त्याचा जलसा केला आणि सावकाराचे कर्ज, दारू, धर्माच्या नावाची लूट ह्यांवर रात्र रात्र लोकांस हसविले व शहाणे केले. आमच्या पोरांना मुकादमाची उचल कशी फिटत नाही, ह्याचे सोंग आणता येणार नाही काय? ती तर रोज घरी बघतात. फक्त ते सोंग पाहिले तर पुढच्या रांगेतील कित्येकांस ठसका लागेल!

कुंभाराने त्या दिवशी शाळेत चाक आणावे, लोहाराने भाता आणावा, सुताराने रंधा आणावा. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या बलुत्याचे गोडवे गाण्यासाठी हे करावयाचे नाही. कुंभाराच्याच पोराने चाक फिरवावे व चांभाराच्याच पोराने चामडे शिवावे, असे झाले तर तो मेळा नव्हे, तो पुन्हा जुनाच खोडा. चिठ्ठ्या टाकाव्यात, पाटलाच्या पोराच्या चिठ्ठीत आरी आली तर त्याने मुकाट्याने आरी धरावी.

आणि हे सर्व ठरविण्याचा हक्क कोणाचा? तुमचा! २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद आईबाप वा पालक असले पाहिजेत, निम्म्या बाया असल्या पाहिजेत, व दुर्बळ घरांच्या पालकांस प्रमाणात जागा पाहिजे. शाळेच्या कामावर नजर ठेवणे व सरकारी अनुदान कसे खर्च होते हे पाहणे, हे त्या समितीचे काम. परंतु आमच्या भागात चालते काय? बाईचे नाव कागदावर व सही घेण्यास शिपाई शेतात! तोडणीस जाणाऱ्या घरचा एक सभासद घेतला, तर सहा महिने त्याची खुर्ची रिकामी, आणि नेमक्या त्याच सहा महिन्यांत संमेलनाची बैठक.

सबब आमच्या शाळेच्या समितीपुढे आम्ही लेखी अर्ज दिला आहे. १ मे रोजी निकालपत्रके वाटली जातात. तेव्हा संमेलन ३० एप्रिलच्या रात्री, टोळ्या परतल्यावर, चिंचेखाली भरवावे. मंडप नको, फेटे नकोत, भाड्याचा पोशाख नको. जमाखर्च चावडीवर मोठ्याने वाचावा, आणि जमेतून पहिली टाकी दुरुस्त व्हावी. फोटो पटावरील सर्व पोरे हजर असतानाच काढावा. अर्ज वाचून दोन सभासद रागाने उठून गेले. एका आईने मात्र तो पुन्हा वाचून दाखवा म्हटले. पुढील बैठक पट्टा पडल्यावर ठेविली आहे. तोपर्यंत पावतीपुस्तक शाळेच्या कपाटात कुलपात आहे व किल्ली अध्यक्षबाईंच्या कनवटीस आहे. जुना फोटोही आम्ही भिंतीवरून उतरविला नाही.