विश्लेषण : मेक्सिकोतील ‘फूड टूर’मधून टॅकोवाल्याच्या हाती काय लागते?

२०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या यजमानपदात अमेरिका आणि कॅनडासह मेक्सिकोचाही वाटा आहे. हालिस्को राज्याची राजधानी ग्वादालाहारा हे त्यातील एक यजमान शहर. याच राज्यात पॅसिफिक महासागराच्या काठी पुएर्तो वायार्ता हे पर्यटकांचे आवडते शहर आहे. समुद्रस्नानाबरोबर तेथे ‘फूड टूर’, म्हणजे वाटाड्यासोबतची खाद्यभ्रमंती, हाही नेहमीचा कार्यक्रम झाला आहे. गाडीवरच्या टॅकोला परदेशी गिऱ्हाईक मिळवून देणारी ही सहल गाडीवाल्याच्या आणि शहराच्या किती फायद्याची?

फूड टूर म्हणजे नेमके काय?

आठ-दहा जणांचा गट, एक स्थानिक वाटाड्या, तीन-चार तासांची पायपीट आणि वाटेत सहा-सात थांबे, असे तिचे साधारण स्वरूप असते. एका ठिकाणी एखादा टॅको, दुसरीकडे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या मासळीचे सेविचे, तिसरीकडे एखादे पेय. वाटाड्या पदार्थाची गोष्ट सांगतो, भाषेची अडचण सोडवतो आणि मुख्य म्हणजे ‘इथे खाल्ले तर पोट बिघडेल का’ ही पाहुण्यांची भीती घालवतो. पर्यटक खरे तर पैसे मोजतो ते या भरवशाचे.

पुएर्तो वायार्तात तिची गरज का?

१९६३ मध्ये जवळच्या मिस्मालोया किनाऱ्यावर जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. नायक रिचर्ड बर्टन यांच्यासोबत एलिझाबेथ टेलरही आल्या, त्यांच्या मागोमाग पत्रकार आले आणि हे लहानसे गाव जगाला माहीत झाले. पुढे किनाऱ्यावर मोठी हॉटेले उभी राहिली. त्यांपैकी अनेक हॉटेलांत राहणे, जेवण आणि मद्य एकाच बिलात मिळते. आगाऊ पैसे भरलेला पाहुणा बाहेर कशाला जेवेल? पर्यटक शहरात येतो, पण त्याचा खर्च हॉटेलच्या फाटकाआडच राहतो. त्याला फाटकाबाहेर आणण्याचे काम फूड टूर करते.

ताटात काय असते?

बहुतेक टॅकोंचा पाया मक्याची टॉर्टिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन दळतात. त्याने साल सुटते, पीठ मळता येते आणि मक्यातील नायसिन शरीराला मिळते. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा आजार पसरला.

बिर्रिया हा हालिस्कोचा बकऱ्याच्या मांसाचा मसालेदार पदार्थ, पण बकऱ्या आणल्या स्पॅनिशांनी. उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचा ‘अल पास्तोर’ टॅको ही लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांच्या शावर्म्याची देणगी. समुद्रकाठच्या रस्त्यावर मिळणारा ‘तुबा’ म्हणजे माडाचा रस. मनिला-आकापुल्को गलबतांवरील फिलिपिनो लोकांनी ही कला मेक्सिकोत आणली. कोकणातल्या वाचकाला यावरून माडी आठवेल. उलट दिशेने, मेक्सिकोत मूळ असलेली मिरची पोर्तुगिजांमुळे भारतात पोहोचली, आणि ‘चिकू’ हे नावही तिकडच्या नाहुआत्ल भाषेतून आले. म्हणजे ‘अस्सल स्थानिक’ म्हणून दाखवले जाणारे ताट अनेक देशांनी मिळून घडवलेले आहे.

पैसा कुठे जातो?

अशा सहलीचे तिकीट बहुधा ६० डॉलर किंवा त्याहून अधिक असते. २०२५ मध्ये मेक्सिकोच्या बहुतांश भागात किमान वेतन दिवसाला २७८.८० पेसो, म्हणजे सुमारे १५ डॉलर होते. एका पर्यटकाचे तिकीट म्हणजे तिथल्या मजुराची साधारण चार दिवसांची कमाई. तिकिटातून आरक्षण संकेतस्थळाचे कमिशन, वाटाड्याचा मेहनताना आणि कंपनीचा खर्च-नफा निघतो; उरलेली रक्कम सहा-सात ठिकाणी वाटली जाते.

तरीही टॅकोवाल्याला हा सौदा परवडू शकतो, कारण गर्दी नसलेल्या वेळीही ठरलेले गिऱ्हाईक मिळते. अडचण दुसरी आहे. मेक्सिकोतील निम्म्याहून अधिक कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. लेखी करार नसलेल्या गाडीवाल्याला दर वाढवून मागणे कठीण, आणि उद्या मार्ग बदलला तर तक्रार करायला जागा नाही.

स्थानिकांचा आक्षेप कशाला?

वाढत्या घरभाड्यांविरोधात जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीत मोर्चा निघाला आणि काही दुकाने-कॅफेंची तोडफोडही झाली. परदेशी लोकांच्या वास्तव्यामुळे भाडी आणि खाण्याचे दर चढतात, त्यांच्या जिभेसाठी साल्साचा तिखटपणाही कमी होतो, अशी तक्रार तेव्हा पुढे आली. किनाऱ्यावरील पर्यटन शहरांनाही हा धोका चुकलेला नाही. टॅको प्रसिद्ध झाला की गल्लीचे भाडे वाढते, आणि तो बनवणाऱ्यालाच तिथे राहणे परवडत नाही.

मग ही सहल चांगली की वाईट?

पारंपरिक मेक्सिकन पाककलेला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. हा वारसा टिकतो तो मका भिजवणाऱ्या, दळणाऱ्या आणि भाजणाऱ्या हातांमुळे. त्यामुळे सहल निवडताना दोन प्रश्न उपयोगी ठरतात : थांब्यांवरील विक्रेत्यांना प्रत्येक पाहुण्यामागे पैसे मिळतात का, आणि तिथे स्थानिक लोकही जेवतात का? सहल संपल्यावर दुसऱ्या दिवशी पाहुणा त्याच गाडीवर स्वतःहून गेला, तर टॅकोची पूर्ण किंमत थेट गाडीवाल्याच्या हातात पडते.