भरल्या लोंबीचा भ्रम

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर बिघडले कुठे, झाडापिकांचे ते खाद्यच आहे, असा युक्तिवाद अलीकडे वारंवार कानी पडतो. त्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो घातक आहे. तो तपासायचा तर तंजावरच्या भातखाचरांत जावे. मराठी माणसाला तंजावर ठाऊक असते ते व्यंकोजीराजांमुळे, सरस्वती महालामुळे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेल्या भोसल्यांच्या इतिहासामुळे. पण चोळांपासून भोसल्यांपर्यंत तिथली सगळी राज्ये पोसली ती कावेरीच्या भाताने. आज हे भातच कसोटीला लागले आहे.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दशलक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. भात, गहू, सोयाबीन, नारळ यांना याचा थेट लाभ होतो. त्यांच्या पानातले रुबिस्को हे विकर कार्बनऐवजी मधूनमधून ऑक्सिजनच पकडते आणि कमावलेली ऊर्जा वाया घालवते. कार्बन वाढला की ही नासाडी कमी होते. ऊस, ज्वारी, मका यांनी ती निसर्गतःच टाळलेली असल्याने, पाणी पुरेसे असेल तर त्यांना विशेष फरक पडत नाही. जपान व चीनमध्ये उघड्या शेतात नळ्यांची कडी उभारून पिकावर हा वायू सोडला गेला, तेव्हा भाताचे उत्पन्न खरोखरच वाढले.

मात्र तो तांदूळ तपासला तेव्हा दुसरी बाजू दिसली. भाताच्या १८ वाणांवरील या प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथिने सरासरी १० टक्क्यांनी, लोह ८ टक्क्यांनी आणि जस्त ५ टक्क्यांनी घटले होते. ज्या वाणांत ब जीवनसत्त्वे मोजली त्यांत तीही बहुतांशी घटली होती. तामिळनाडूत रेशनवर तांदूळ फुकट मिळतो आणि गरिबाच्या ताटात मुख्यतः तोच असतो. पोत्याचे वजन तेच राहून आतला कस उतरला, तर त्याची झळ आधी कोणाला बसणार, हे सांगायला नको.

दुसरा धोका उन्हाचा. भाताचे फूल सकाळी उशिरा, जेमतेम तास-दीड तास उमलते. तेवढ्यात परागकोश फुटायचे, पराग पडायचे, दाणा धरायचा. त्याच वेळी पारा ३५ अंशांपुढे गेला तर परागीभवन फसते आणि दाणा पोचट राहतो. मग खत घाला, पाणी द्या, उपयोग नाही. वाढलेला कार्बन इथे मदत तर करत नाहीच, उलट नडतो. त्याच्यामुळे पानांची रंध्रे अर्धवट मिटतात. पाणी वाचते खरे, पण बाष्प कमी गेल्याने पिकाचे अंग तापते. रात्रीचा उकाडाही तितकाच वाईट. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतात, रात्रीचे तापमान एका अंशाने वाढले की उन्हाळी हंगामातील उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते, असे आढळले.

त्यात भर पाण्याच्या अनिश्चिततेची. तंजावरचा शेतकरी कुरुवै या भात-हंगामाची वाट पाहतो ती कावेरीवरच्या मेट्टूर धरणाकडे डोळे लावून. पाणी सोडण्याचा रिवाज १२ जूनचा. २०२२ मध्ये ते २४ मे रोजी सुटले, २०२४ मध्ये २८ जुलै उजाडला. पेरा मागेपुढे झाला की फुलोराही सरकतो. तो कधी उन्हात सापडतो, तर कधी कापणी परतीच्या पावसात. मग खरेदी केंद्राबाहेर रस्त्यावर भात वाळत घालायचे आणि ओलावा १७ टक्क्यांवर कधी येतो याची वाट पाहायची.

झाडे यातून सुटतील, हीही आशा फोल आहे. ऑस्ट्रेलियातील जुन्या निलगिरीच्या जंगलाला जादा कार्बन मिळाला, पण जमिनीत स्फुरद नसल्याने खोडे पोसली नाहीत. माडाची पोय बाहेर पडण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून आत घडत असते, त्यामुळे एका दुष्काळाची किंमत बागाईतदार पुढे कित्येक वर्षे मोजतो. आणि १६ नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी भागांतील माड जमिनीसपाट केले, तेव्हा हवेतला कुठलाही वायू त्यांच्या मदतीला आला नाही.

तंजावर जिल्ह्यातच आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. वाढीव कार्बन आणि रात्रीचा उकाडा यांचा एकत्रित प्रयोग कावेरीच्या मातीत, तिथल्याच वाणांवर, अनेक हंगाम चालवण्यासाठी केंद्र सरकारने त्याला पैसा द्यावा. पुरात तगणारे वाण आपल्या शास्त्रज्ञांनी शेतापर्यंत पोचवले आहेत; पहाटे उन्हाआधी फुलणारे भातही शक्य आहे. नव्या वाणाला मान्यता देताना एकरी उताऱ्याबरोबर प्रथिने आणि जस्तही मोजले पाहिजे. हाच प्रश्न उद्या कोकणात आणि गोंदिया-भंडाऱ्यात उभा राहणार आहे. कर्जत आणि साकोलीच्या भात केंद्रांसाठी महाराष्ट्र सरकारने येत्या अर्थसंकल्पात याची तरतूद करावी.