विश्लेषण : टीव्ही-इंटरनेटचा खर्च घराला किती पडतो? मुर्रीतल्या कुटुंबाने हिशेब कसा करावा?

गोंदिया शहरालगतच्या मुर्रीत आता फोनचा रिचार्ज हा किराणा आणि वीजबिलाइतकाच ठरलेला खर्च झाला आहे. शाळेचे निरोप, बँकेचा ओटीपी आणि धानविक्रीची नोंदणी या सगळ्यासाठी चालू मोबाइल नंबर लागतो. त्यामुळे दर वाढले तरी रिचार्ज टाळता येत नाही. हा खर्च वर्षाला किती होतो, तो का वाढला आणि कमी कसा करता येईल, ते पाहू.

मोबाइलचे दर किती वाढले?

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. २८ दिवस आणि रोज दीड जीबी डेटा देणारा जिओचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ रुपयांवर गेला, म्हणजे २५ टक्के वाढ झाली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी होती २९७ रुपये. ऐन रोवणीच्या दिवसांत एक रिचार्ज एका दिवसाच्या मजुरीपेक्षा महाग झाला.

२८ दिवसांची मेख काय?

महिना ३० दिवसांचा धरला जातो, पण प्लॅन २८ दिवसांत संपतो. त्यामुळे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. २९९ रुपयांनी एका फोनचे वर्षाला ३,८८७ आणि दोन फोनचे ७,७७४ रुपये होतात. प्रत्येक कंपनीने किमान एक ३० दिवसांचा प्लॅन ठेवावा, असा नियम दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२२ मध्ये केला.

टीव्हीचे बिल कसे ठरते?

फेब्रुवारी २०१९ पासूनच्या पद्धतीत बिलाचे दोन भाग असतात : नेटवर्क क्षमता शुल्क आणि निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. या शुल्काची कमाल मर्यादा आधी १३० रुपये होती. जुलै २०२४ मध्ये ‘ट्राय’ने ती काढून टाकली आणि दर ठरवणे केबल व डीटीएच कंपन्यांवर सोपवले.

समजा, हे शुल्क १३० रुपये आहे आणि घरात १०० रुपयांच्या वाहिन्या घेतल्या आहेत. जीएसटीसह महिन्याचे बिल सुमारे २७१ रुपये आणि वर्षाचे सुमारे ३,२५७ रुपये होईल.

एकूण भार किती?

दोन फोन आणि एक टीव्ही मिळून वर्षाचा खर्च ११ हजार रुपयांवर जातो. २०२५-२६ च्या ३१२ रुपये मजुरीने ही ३५ दिवसांची कमाई होते. रोजगार हमीत वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी होती. म्हणजे त्यातला एक तृतीयांशाहून अधिक पैसा या दोन गोष्टींत जातो. तो तुकड्यातुकड्याने जात असल्याने चटकन लक्षात येत नाही.

दर का वाढले?

२०१६ मध्ये जिओ आल्यावर स्वस्त डेटाची स्पर्धा लागली. त्यात अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विलीन झाल्या आणि खासगी क्षेत्रात तीनच उरल्या. २०२२ च्या लिलावात फाइव्ह-जीसाठी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. तो खर्च आता ग्राहकांकडून वसूल होत आहे. एप्रिल-जून २०२४ या तिमाहीत एअरटेलला एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी २११ रुपये मिळत होते. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये ते २४५ रुपये झाले. मोबाइलचे दर ‘ट्राय’ ठरवत नाही. ती मुभा कंपन्यांना आहे.

मोठा प्लॅन स्वस्त, पण कोणाला?

दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन ७९९ रुपयांना होता. तेवढ्याच दिवसांचे २८ दिवसांचे तीन रिचार्ज ८९७ रुपयांचे होतात, म्हणजे ९८ रुपये जास्त. पण रोजीवर जगणाऱ्या घराला ७९९ रुपये एकदम काढणे कठीण जाते. ज्याच्या हातात पैसा कमी, त्यालाच सेवा महाग पडते.

खर्च कमी कसा करता येईल?

• घरातील ज्येष्ठ फक्त बोलण्यासाठी फोन वापरत असतील तर बिनडेटाचा प्लॅन घ्यावा. ‘ट्राय’च्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर असे प्लॅन आले. जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांसाठी जिओने ४४८ आणि एअरटेलने ४६९ रुपये दर ठेवला होता.

• न पाहिलेल्या वाहिन्या बंद करण्यास ऑपरेटरला सांगावे. बिलात शुल्क आणि वाहिन्यांची रक्कम वेगळी पाहावी.

• डीडी फ्री डिशला एकदा छत्री आणि बॉक्स घ्यावा लागतो, मासिक शुल्क नसते. मात्र सगळ्या मराठी वाहिन्या त्यावर दिसत नाहीत.

• वायफाय घेताना जाहिरातीतला दर जीएसटीसह आहे का, ते विचारावे. ३९९ रुपयांचा प्लॅन करासह सुमारे ४७१ रुपयांना पडतो.

• धानाचे पैसे हाती येतात तेव्हाच ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा रिचार्ज केल्यास तेरावा हप्ता वाचू शकतो.