सत्तेचाळीस जणांच्या भांडवलावर

बायोमेडिकल शाखेचे एम.टेक.चे प्रबंध ज्यांच्याकडे तपासायला येतात, त्यांना ‘एमआयटी-बीआयएच’ हे नाव एव्हाना पाठ झाले असेल. ईसीजीवरून हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता ओळखणारा अल्गोरिदम हा विषय ठरला, की डेटा बहुधा इथूनच उचलला जातो. बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात टेपवर घेतलेल्या चोवीस तासांच्या नोंदींतून निवडलेले हे ४८ तुकडे, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, एकूण ४७ जणांचे. दोन हृदयरोगतज्ज्ञांनी एकमेकांचे न पाहता ठोक्यांवर खुणा केल्या, मतभेद झाले तिथे बसून ते मिटवले. अशा सुमारे १,१०,००० खुणा या संग्रहात आहेत. १९८० पासून संशोधकांना तो मिळू लागला आणि २००५ पासून तो इंटरनेटवर पूर्ण आणि फुकट आहे. इतक्या निगुतीने केलेले काम आपल्या क्षेत्रात फार नाही. त्यामुळे पुढची तक्रार त्या संग्रहाची नव्हे. पन्नास वर्षांपूर्वीच्या ४७ अमेरिकनांच्या छातीवरून आलेल्या रेषांवर आपण आपल्या पदव्युत्तर शिक्षणाचा किती डोलारा उभा करायचा, याची आहे.

यांतल्या बऱ्याच प्रबंधांत अचूकता ९९ टक्क्यांच्या आसपास असते. हा आकडा येतो कसा ते पाहू. सगळ्यांचे सगळे ठोके एका पोत्यात घालून हलवायचे, त्यातले ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेवायचे. म्हणजे ज्या माणसाचे ठोके शिकवणीत होते, त्याचेच ठोके परीक्षेत येतात. प्रत्येकाच्या ईसीजीचा आकार त्याच्या हस्ताक्षरासारखा वेगळा असतो, त्यामुळे नेटवर्क आजाराच्या आधी माणूस ओळखायला शिकते. शिवाय प्रमाणित पाच गटांत वाटणी केली, तर पेसमेकरच्या नोंदी वगळून सुमारे ८९ टक्के ठोके ‘सामान्य’ गटात पडतात. काहीही न शिकता प्रत्येक ठोक्याला ‘सामान्य’ म्हणणाऱ्यालाही विशेष योग्यता मिळेल. २००४ मध्ये द शाझाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवणीची माणसे वेगळी आणि परीक्षेची वेगळी ठेवली, तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांशी संबंधित अवेळी ठोक्यांपैकी ७५.९ टक्के पकडले गेले खरे, पण अल्गोरिदमने ‘हा तसला ठोका’ म्हणून बोट दाखवले त्यांतले फक्त ३८.५ टक्के बरोबर निघाले. त्यांनी हे आकडे दडवले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. (गंमत म्हणजे, २०१ आणि २०२ या नोंदी एकाच माणसाच्या आहेत आणि या काटेकोर वाटणीतही एक अलीकडे, एक पलीकडे राहिली.) या गोष्टीला वीस वर्षे उलटली, तरी ९९ टक्क्यांचे प्रबंध येत राहतात, उत्तीर्ण होतात, आणि गाइडलाही त्यात वावगे वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग वाटणी नीट करायला शिकवा, प्रश्न सुटला. तेवढ्याने अर्धाच सुटतो. दुसरा अर्धा मोजमापाचा आहे. या संग्रहात विजेची गुणगुण दिसते, ६० हर्ट्झची. मूळ रेकॉर्डर बॅटरीवर चालत होते, म्हणून ती बहुतांश रुग्णाच्या अंगावरून आलेली नाही. नंतर टेप वाजवून डिजिटल करताना शिरली. काही टेप दुप्पट वेगाने वाजवल्या, त्यांत तीच गुणगुण ३० हर्ट्झवर बसली आहे. ती गाळणारा फिल्टर लिहून विद्यार्थी मोकळा होतो. आपल्या वॉर्डात पुरवठा ५० हर्ट्झचा, अर्थिंगचा भरवसा नाही, जेल सुकलेले, घामाने इलेक्ट्रोड सुटलेला, लीडची अदलाबदल झालेली, आणि रुग्ण कुशीवर वळला की बेसलाइन पानाबाहेर जाते. यातली कुठली रेष हृदयाची आणि कुठली चादरीची, हे ठरवणे हाच बायोमेडिकल अभियंत्याचा धंदा. तो तयार फायलीतून शिकता येत नाही, कारण फायलीत येण्याआधीच कोणीतरी तो निर्णय घेतलेला असतो.

मोजमापाकडे पाठ फिरवण्याची किंमत किती, हे पल्स ऑक्सिमीटरने दाखवले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी ज्याचे तत्त्व शोधले ते हे यंत्र कोविडच्या काळात घराघरांत पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के ऑक्सिजन दाखवत असताना धमनीतल्या रक्तात तो प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. गडद त्वचेत चूक वाढते, ही शंका जुनीच होती. पण ज्या आकड्यावर ऑक्सिजन लावायचा की नाही हे ठरते, तो कोणाच्या बोटावर पारखला गेला, हे विचारण्याची सवय अभियंत्यांना नव्हती. आपल्या देशात त्वचेच्या रंगांची एवढी विविधता असताना हा प्रश्न पहिल्यांदा इथून विचारला जायला हवा होता.

म्हणून आमचे म्हणणे असे : पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे एक पूर्ण सत्र रुग्णालयात जावे, आणि विषय कोणताही असो, प्रबंधात विद्यार्थ्याने स्वतः उभे राहून घेतलेले मोजमाप असावे. दहाच रुग्णांचे चालेल. सार्वजनिक डेटा जरूर वापरावा. त्याशिवाय एकाच्या कामाची दुसऱ्याशी तुलना होत नाही, हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण त्यावर शिकलेले या दहा जणांवर चालवून पाहावे, आणि आकडा ९९ वरून ७० वर आला तर तो का आला, यावर एक प्रकरण लिहावे. परीक्षकाने गुण त्या प्रकरणाला द्यावेत.

अभियंता आणि रुग्णालय शेजारी असले की काय होते, याचे उदाहरण तिरुवनंतपुरमला आहे. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत रुग्णालय आणि तंत्रज्ञान विभाग एकाच छत्राखाली, एकाच शहरात. शल्यचिकित्सक मा. स. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिथे कृत्रिम हृदयझडपेचे काम सुरू झाले. आधीची प्रारूपे बाद झाली, आणि कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट व पॉलिएथिलीनची चकती असलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. मधली बारा-तेरा वर्षे अपयशाची चिरफाड करण्यात गेली. चार सत्रांत कोणी झडप बनवणार नाही, हे उघड आहे. पण अपयशाची चिरफाड कशी करतात, हे चार सत्रांत शिकता येते.

सर्वांत खरा आक्षेप वेळेचा. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत तिसरे सत्र संपते, असे गाइड सांगतात, आणि ते खोटे नाही. मात्र आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान जोखमीच्या अभ्यासांना जलद परीक्षणाची सोय आहे, आणि छातीवर इलेक्ट्रोड चिकटवण्यात जोखीम ती किती! प्रत्येक विद्यार्थ्याने वेगळा अर्ज घेऊन धावण्याऐवजी विभागाने दोन-तीन वर्षांचा एकच सामाईक प्रस्ताव मंजूर करून घ्यावा. महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय नाही, ही सबबही फार टिकत नाही. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयातून ससूनला रिक्षाने फार वेळ लागत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ने २०१४ पासून पुणे आणि नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थांना जोडून घेऊन डॉक्टरांच्या अडचणींपासून उपकरणांकडे जायची वाट घालून दिलेलीच आहे.

उरतो तो आक्षेप, जो बैठकीत कोणी उघड बोलत नाही आणि चहाच्या वेळी सगळे बोलतात : आम्ही काय मेकॅनिक घडवायचे? राष्ट्रीय आरोग्य अभियानाने उपकरण देखभाल कार्यक्रमासाठी सरकारी आरोग्य संस्थांची मोजदाद केली, तेव्हा २९,११५ ठिकाणी ७,५६,७५० उपकरणे आढळली. राज्याराज्यांत त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद होती. ती का बंद पडतात, याचे उत्तर स्क्रू पिळून मिळत नाही. धूळ, दमट हवा, विजेचे चढउतार, न मिळणारा सेन्सर, इंग्रजी अलार्म न वाचता बंद करावा लागणारी रात्रपाळी, यांतले काय किती, हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो इथे राहणाऱ्यालाच सुटेल. एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या बंद वॉर्मरांची कारणमीमांसा हा आमच्या मते एम.टेक.चा सरळ स्वीकारण्याजोगा प्रबंध आहे; वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींशी बोलल्याशिवाय तो लिहिता येणार नाही. ज्यांना सॉफ्टवेअरच्या नोकरीत जायचे आहे, त्यांचेही यात नुकसान नाही. एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या कायदेशीर व्याख्येत सॉफ्टवेअरही आले आहे. ते कोणावर, कुठे आणि कशाने पारखले, याचे उत्तर कागदावर द्यावे लागते.

आमच्यापुरते आम्ही एवढे ठरवले आहे. पुढील अंकापासून प्रबंधांवर आधारित लेखांत शिकवणीची आणि परीक्षेची माणसे वेगळी होती का, हे पहिल्या पानावर लिहिलेले नसेल, तर लेख परीक्षकांकडे न जाता परत येईल. आणि दर अंकातली दोन पाने वॉर्डात न चाललेल्या कामांसाठी राखली आहेत : किती अचूकता अपेक्षित होती, किती आली, आणि फरक कुठे पडला. पहिल्या दोन पानांसाठी मजकूर महिनाअखेरपर्यंत पाठवावा.