हँडिकॅप : टोपीत घातलेला हात

‘हँडिकॅप’ हा शब्द मराठी घरांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. व्युत्पत्ती मात्र हौसेने सांगितली जाते : युद्धात जायबंदी झालेले सैनिक हाती टोपी घेऊन भीक मागत, त्यावरून हा शब्द आला. कथा हृदयस्पर्शी आहे, पण निराधार. या शब्दाचा संबंध भिक्षेशी नाही, सौद्याशी आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘हँड इन कॅप’ नावाचा खेळ होता. सॅम्युअल पीप्स याच्या १६६० च्या रोजनिशीत त्याचा उल्लेख सापडतो. दोघेजण आपापली वस्तू अदलाबदलीसाठी पुढे करीत. हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती रक्कम द्यावी, हे तिऱ्हाईत पंच ठरवी. तिघेही थोडे पैसे टोपीत टाकीत. मग दोघे खेळाडू टोपीत हात घालून एकदमच बाहेर काढीत. मुठीत नाणे असेल तर सौदा मान्य, हात रिकामा असेल तर अमान्य. दोघांचा होकार किंवा दोघांचा नकार आला तर टोपीतले पैसे पंचाला मिळत. मते फुटली तर होकार देणाऱ्याला. मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्यांनी आजही अभ्यासावी अशी ही योजना!

अठराव्या शतकात हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. तेथे पंच सरस घोड्यावर जादा वजन चढवी, जेणेकरून दुबळ्यालाही जिंकण्याची संधी राहावी. म्हणजे हँडिकॅप वाट्याला येई तो बलवानाच्या! पुढे ‘अडचण’ हा अर्थ पसरला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो शरीराच्या व्यंगाला चिकटला. ओझे बाहेरून कोणीतरी घातलेले असते, ही त्यातली खूण मात्र पुसली गेली. चाकाच्या खुर्चीतील माणसाला कार्यालयाच्या दाराशी अडवतात त्या पायऱ्याच, आणि त्याही कोणीतरी बांधलेल्याच असतात.

इंग्रजीत हा शब्द आता अवमानकारक समजला जातो. अमेरिकेने १९७५ च्या शिक्षणविषयक कायद्याच्या नावातून तो १९९० मध्ये वगळला. आपल्याकडे ‘अपंग’, ‘विकलांग’ असा प्रवास करीत शासकीय भाषा ‘दिव्यांग’पर्यंत आली. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले, हे स्वागतार्हच. पाटी रंगवणे उतरण बांधण्यापेक्षा स्वस्त पडते, हेही खरे.

मुंबईच्या लोकलमधील राखीव डबा प्रवाशांच्या तोंडी अजून ‘हँडिकॅप डबा’च आहे. तो महालक्ष्मी स्थानकात थांबतो. तेथून जवळच असलेल्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत सर्वाधिक वजन असते ते सर्वांत सरस ठरवलेल्या घोड्याच्या पाठीवर.