साठवण हवीच, पण कोणती आणि कुठे?

दुपारी स्वस्तात मिळणारी सौर वीज संध्याकाळी सातला, घरोघरची मागणी चढते नेमकी तेव्हा, शून्यावर आलेली असते. ही तूट आजवर मुख्यतः कोळशाने भरून काढली. २०३०पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट गाठायचे, तर हा भार साठवणुकीवर टाकावा लागेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या आराखड्यानुसार २०३१-३२पर्यंत सुमारे ७४ गिगावॅट साठवण लागेल: ४७ बॅटऱ्यांची, २७ उदंचन जलविद्युत प्रकल्पांची.

उदंचनासाठी सह्याद्रीसारखी जागा विरळा. स्वस्त विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेच्या वेळी टर्बाइनमधून खाली सोडायचे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८पासून यासाठीच उभा आहे. शंभर युनिट खर्चले की पंच्याहत्तर-ऐंशी परत मिळतात. धरणे आणि बोगदे अर्धशतक टिकतात, लिथियमसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. मात्र उभारणीला अनेक वर्षे लागतात. शिवाय याच डोंगररांगांत आदिवासींच्या जमिनी, देवराया आणि दुर्मीळ जीवसृष्टी आहे.

बॅटऱ्या वर्ष-दोन वर्षांत उपकेंद्राशेजारी उभ्या राहतात आणि ८५ टक्क्यांच्या आसपास वीज परत देतात. २०२२मध्ये महिन्याला प्रति मेगावॅट दहा लाखांवर असलेले निविदांतील दर २०२४अखेर, अनुदान धरून, तीन लाखांखाली आले. पण त्यांची साथ बहुधा दोन-चार तासांचीच. क्षमता वर्षागणिक घटते आणि सेल मुख्यतः चीनमधून येतात. जानेवारी २०२५मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगच्या साठवण केंद्राला आग लागून हजारावर रहिवाशांना घरे सोडावी लागली, हेही विसरता येणार नाही.

दोन्हींची गरज आहे. प्रश्न क्रमाचा आहे. पहिले काम मागणी उन्हाच्या वेळेत आणण्याचे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंप दिवसा चालले, तर तेवढी वीज साठवावीच लागत नाही आणि शेतकऱ्याचे रात्रीचे पाणी भरणेही सुटते. त्यानंतर संध्याकाळच्या तासांसाठी अग्निसुरक्षेच्या कडक नियमांखाली बॅटऱ्या. दीर्घ तासांसाठी उदंचन. पण आधी अस्तित्वातील जलाशयांचा वापर, ग्रामसभेची खरी संमती आणि एकेका प्रकल्पाचा नव्हे, तर संपूर्ण घाटावरील एकत्रित परिणामाचा अभ्यास.

अशा अटींनी उशीर होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण बॅटरीची निवड चुकली, तर दहा-पंधरा वर्षांत बदलता येते. बुडालेले खोरे परत मिळत नाही. शिवाय बॅटऱ्या स्वस्त होत असताना घाईने घेतलेला मोठा निर्णय पुढे महागात पडू शकतो. म्हणून नव्या धरणांना मंजुरी देण्यापूर्वी राज्य सरकारने मागणी दिवसा वळवून आणि बॅटऱ्या उभारून किती तूट उरते, याचा हिशेब जनतेसमोर मांडावा. उरलेल्या तुटीपुरतेच उदंचन प्रकल्प उभारावेत.