जे पाहिले ते सांगावे

दिवसातून पाच वेळा अजान होते आणि पाचही वेळा शहादतचे शब्द आपल्या कानांवर पडतात. शहादत म्हणजे हौतात्म्य, हा अर्थ आपल्या बोलण्यात जास्त रुळला आहे. पण मुळात शहादत म्हणजे गवाही, साक्ष. साक्ष दडवणे हा गुनाह आहे, असे सूरह बकरामध्ये बजावले आहे. सूरह निसाची ताकीद तर अशी की, साक्ष आपल्याच किंवा आपल्या आईवडिलांच्या विरोधात जात असली तरी इन्साफची बाजू सोडू नये. हे वाचायला सोपे, निभावायला फार कठीण. कसे कठीण, ते दूरच्या एका मुलखातल्या हकिकतीवरून सांगतो.

अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर सॅन इसिद्रो नावाचे नाके आहे. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या नाक्यांपैकी ते एक. 28 मे 2010 च्या रात्री अनास्तासियो हर्नांदेझ रोहास या मजुराला परत मेक्सिकोत सोडण्यासाठी तेथे आणले. वय 42. लहानपणीच तो सॅन डिएगोत आला होता, बांधकामावर राबत होता. पाच मुले, सगळी अमेरिकेत जन्मलेली. देशाबाहेर काढल्यावर बायकामुलांकडे परतताना तो पकडला गेला. कोठडीत आपल्याला लाथ मारली, त्याची तक्रार लिहून घ्या, असे तो सांगत होता. तक्रार कोणी लिहून घेतली नाही. नाक्यावर मात्र त्याला बडवले, जमिनीवर पालथे दाबून धरले आणि विजेचे झटके दिले. आजूबाजूला डझनभराहून अधिक अधिकारी होते. तो मदतीसाठी ओरडत होता. काही दिवसांतच तो वारला. शवचिकित्सकांनी हा मृत्यू मनुष्यवध म्हणून नोंदवला.

अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, तो झोंबत होता, आवरत नव्हता. गोष्ट इथेच संपली असती. पण नाक्यावर पादचाऱ्यांचा पूल आहे. त्यावरून जाणारी माणसे थांबली. ‘पुरे करा, तो काही करत नाही’ अशा अर्थाचे ओरडली आणि काहींनी मोबाइलवर चित्रण केले. 2012 मध्ये त्यातले एक चित्रण दूरचित्रवाणीवर सगळ्या देशाने पाहिले. कागदावर एक लिहिले होते, डोळ्यांना दुसरेच दिसत होते.

तरी 2015 मध्ये सरकारने कोणावरही खटला भरायला नकार दिला. पुढे घरच्यांना दहा लाख डॉलरची भरपाई मिळाली. पैसे घेऊन गप्प बसण्याची ती वेळ होती. पण त्याच्या बायकोने ठिकठिकाणी उभे राहून नवऱ्याचे नाव घेणे सोडले नाही, आणि तिच्यामागे वस्ती उभी राहिली. कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंतच्या सीमेवरील संस्थांनी 2011 मध्ये ‘सदर्न बॉर्डर कम्युनिटीज कोअलिशन’ ही आघाडी बांधली होती. तिने जुने कागद उकरून काढले. तेव्हा समजले की, सीमा पोलिसांकडे ‘क्रिटिकल इन्सिडेंट टीम’ नावाची पथके आहेत. आपल्या माणसाच्या हातून कोणी मेले की घटनास्थळी हीच पथके पोचत आणि पुरावे हाताळत. म्हणजे ज्याच्यावर आळ, त्याच्याच भावाच्या हाती पंचनामा! ऑक्टोबर 2021 मध्ये आघाडीने संसदेकडे तक्रार केली आणि 2022 मध्ये ही पथके बरखास्त करावी लागली. 2025 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने या मृत्यूसाठी अमेरिकेला जबाबदार धरले आणि तपास पुन्हा उघडण्याची शिफारस केली. आयोग कोणाला तुरुंगात पाठवू शकत नाही. एकाही अधिकाऱ्याला शिक्षा झालेली नाही. पण पंधरा वर्षे लोकांनी साक्ष विझू दिली नाही, हे खरे.

कोणी म्हणेल, देशाला आपली सीमा राखायचा हक्क नाही का? आहेच. बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा कायदाही आहे. पण हात बांधलेल्या माणसाला मारण्याचा कायदा कुठेही नाही. कुरैशांचे दूत मुसलमान मुहाजिरांना परत मागायला हबशाच्या दरबारात गेले, तेव्हा नजाशीने त्यांचे ऐकून लगेच माणसे हवाली केली नाहीत. आधी मुहाजिरांना बोलावले, हजरत जाफर (रजि.) यांचे म्हणणे ऐकले आणि मग निर्णय दिला. मागणी एवढीच आहे: ऐकून घ्या, आणि जे केले त्याचा हिशेब द्या.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे, असे समजू नये. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. वाटभर त्यांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. त्यांत तिघे आपल्या महाराष्ट्राचे. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या परिसरात पोटासाठी आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले. घरच्यांनी आणि तिथल्या सरकारने कागद पुढे केले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. ज्याच्यामागे धावणारे कोणी नसेल, त्याने काय करावे?

म्हणून घरातल्या मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांला वाटते. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. जुलूम दिसला तर चित्रण जरूर करावे. पण ते तमाशा म्हणून गटागटांत फिरवू नये. तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवावे, मूळ चित्रण जपावे आणि वकिलाच्या किंवा त्या घरच्यांच्या हाती द्यावे. ती अमानत आहे. दुसरी गोष्ट, साक्ष एक दिवसाची नसते. पहिल्या आठवड्यात गर्दी असते, सहाव्या वर्षी त्या बाईच्या दारात कोण असते, हे महत्त्वाचे.

पुलावरची ती माणसे मेलेल्याच्या नात्यागोत्यातली नव्हती. घरी जायच्या घाईतही ती थांबली. आपणही कधीतरी अशा एखाद्या पुलावर असू. तेव्हा पाय थांबोत आणि जीभ उघडो, अल्लाह एवढी तौफिक देवो. आमीन.